डोण मीच हलवली होती

उरवड्याच्या अलीकडे आमची वाडी. वाडीत शिरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोण होती. बैलगाडी, जीप तिला खेटून आत यायची. ट्रक मात्र शिरत नसे. एके दिवशी ती बाजूच्या ओघळीत जाऊन पडली. कुठल्याशा ट्रकवाल्याने ढकलली असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. भल्या सकाळी ट्रॅक्टरला साखळी लावून मीच ती ओढून टाकली होती.

तेव्हा हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्याकडे दिवसभर खडीचे ट्रक धावत होते. हमरस्त्याला हे खड्डे! आमच्या गल्लीतून वळसा वाचायचा. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं, मांडवासाठी अंगणात भर घालायची होती. खाणवाला म्हणाला, मुरूम टाकून देतो, वाट द्या. मी दिली.

लग्न झकास झालं. मग धूळ सुरू झाली. तुळस राखाडी दिसू लागली, भाकरीसुद्धा दाताखाली कचकचायची. थोरल्या वहिनींचं घर नेमकं गल्लीच्या तोंडाशी, आणि त्यांना दमा. ट्रक गेला की त्या पदर नाकाशी धरून भिंतीला टेकायच्या. भाऊ गेल्यावर त्यांचं बघणं माझ्याकडे होतं, आणि मी ओट्यावरून नुसता बघत बसायचो.

उन्हाळ्यात कुरडयांचे दिवस आले. पहिल्या दिवशीच्या कुरडया धुळीने मातीसारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वहिनींनी चूलच गल्लीत मांडली. वाडीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. आडव्या खाटा टाकल्या, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरली आणि सोऱ्याने कुरडया पाडायला सुरुवात झाली. पहिला ट्रक येऊन उभा राहिला. भोंगा वाजवून वाजवून थकलेला ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशे, रस्ता हाय का अंगण?"

"तुला काय दिसतंय?" वहिनी म्हणाल्या.

"आगं, माल पोचवायचाय!"

"मग हमरस्ता कुटं पळून गेलाय? हात धू. आदी चीक खा."

गरम चीक, वर तेल. त्याने दोनदा मागून घेतला. मागे आणखी तीन ट्रक लागले, त्यांचे ड्रायव्हरही पंगतीला बसले. बायका हसून हसून बेजार. जाताना ट्रक मागे घेता घेता एक जण ओरडला, "उद्या काय हाय, मावशे?"

"उद्या पापड! पण पायी यायचं!"

पाच दिवस असंच चाललं. सहाव्या दिवशी एकही ट्रक आला नाही. त्याच दिवशी मी ओघळीत उतरलो, दोर लावला आणि वाडीतल्या पंधरा जणांसह डोण जागेवर आणली. सगळ्यांत जास्त जोर मी लावला, हे मात्र खरं. मारुतीच्या देवळात मला नारळ आणि टॉवेल-टोपी मिळाली. ती मी घेतली. बायकांना कुणी साधी सुपारीही दिली नाही, आणि मी गप्प राहिलो.

इतक्या वर्षांनी, गेल्या आठवड्यात, ती टोपी घेऊन वहिनींकडे गेलो. त्या डोणीच्या काठावर शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"भावजी, साखळी कुनाची व्हती?"

मला आठवेना.

"माज्या गोठ्यातली. आदल्या सांजेला तुमीच मागून न्हेली. परत दिली तवा डोणीचं शेवाळ तिला तसंच व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुमी डोण येवढ्या जोरानं वडली असती व्हय?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी घाबरून पाण्याला धावलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"बसा. ह्यो धुळीचा न्हाई."