सांगा, मी कुठं चुकलो?

फळा भरला की आमचे गणिताचे सर खडू खिशात टाकत, कोटाच्या बाहीला हात पुसत आणि आमच्याकडं वळून म्हणत, "सांगा, मी कुठं चुकलो?"

चूक मुद्दाम केलेली असे. रोज एक. ती सापडेपर्यंत हाताची घडी घालून खिडकीशी उभे राहत, घंटा झाली तरी हलत नसत. सापडली की "बरोबर आहे," एवढंच म्हणत, चूक पुसत आणि तिच्या जागी खरं काय ते लिहीत. चूक दाखवली की छडी उगारणारे मास्तर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हे गृहस्थ चूक दाखवली नाही की चिडत. "मास्तर म्हणतात म्हणून खरं, असं गणितात चालत नाही," हे त्यांचं दुसरं पालुपद.

सांगलीच्या त्या कॉलेजात बी.ए.ला गणित घेतलेली मी एकटीच मुलगी. लढाईमुळं कागद मिळेना, म्हणून आम्ही वर्गात पाट्या नेत असू. बी.ए.चे विद्यार्थी, पण दिसायला बिगरीतली पोरं.

एकच गोष्ट बदलत असते तोवर कॅल्क्युलस सोपं असतं. दोन गोष्टी एकदम बदलायला लागल्या की कागदावरच्या रेघेचा डोंगर होतो, आणि तुम्ही कुठल्या अंगानं निघालात यावर चढ की उतार ते ठरतं. तो भाग आला तेव्हा त्यांनी विचारलं, "खिंडीत उभं राहिलं तर आपण उंचावर असतो की खाली?" मुलं आपसांत भांडायला लागली. मी मूळची वाईकडची. खिंड ओलांडून आजोळी जायची सवय. भीतभीतच म्हटलं, "गावाकडून चढत आलं तर वाटेतली सगळ्यांत उंच जागा तीच. दोन्हीकडच्या डोंगरांवरून उतरत आलं तर सगळ्यांत खालची."

त्यांनी फळा पुसला. "पुस्तक मिटा. बाईंनी सांगितलं तेच लिहून घ्या."

त्या दिवसापासून त्यांची चूक बहुधा मीच पहिली पकडायची. त्या वर्षाइतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

एकदा शंका विचारायला त्यांच्या घरी गेले होते. त्यांची धाकटी मुलगी पाणी घेऊन आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तांब्या ठेवता ठेवता तिनं माझ्या पाटीवर उलट्या बाजूनंच नजर टाकली आणि हळूच म्हणाली, "इथं उणे हवं ना?" हवंच होतं. ते खुशीत हसले. "मॅट्रिकला गणितात पहिली आली होती. डोकं माझं घेतलंय. आता घरकाम शिकतेय. वैशाखात लग्न आहे." ती आत निघून गेली. मी घरी येऊन त्या मुलीचं तोंड भरून कौतुक केलं.

परीक्षेला महिना उरला आणि माझं लग्न ठरलं. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, मुलगाही फौजेतलाच. तीन आठवड्यांच्या रजेवर साताऱ्याला आला होता. मी जेवण सोडलं, रडले. वडील म्हणाले, "पोरगं आघाडीवर जानार. रजेच्या आत अक्षता पडल्याच पायजेत." वर्गात माझा बाक रिकामा दिसला, तेव्हा सर स्वतः चौकशी करत आमच्याकडं आले.

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता सुटले. वडिलांनी त्यांना पाट दिला, चहा ठेवला.

"सुभेदारसाहेब, एका महिन्याचा प्रश्न आहे. लग्न होऊ द्या, पण परीक्षेला बसवा."

"ते आता सासरच्यांच्या हातात. त्यांनी आदीच न्हाई म्हनून सांगितलंय."

"मग मी बोलतो त्यांच्याशी. अशा मुलीला अर्ध्यावर थांबवणं पाप आहे."

वडील अगदी आदबीनंच म्हणाले, "आवं सर, एक इचारू का? तुमची धाकटी गनितात पयली आली हुती म्हनं. तिला का न्हाई धाडली कालिजात?"

चहाची कपबशी सरांच्या हातात होती, ती तशीच खाली ठेवली. मी मनात ओरडत होते, काहीतरी बोला! तिलाही पाठवतो म्हणा, माझं चुकलं म्हणा, पण हिला सोडवा. वर्षभर चुका पकडून तुमच्यापुढं धरल्या त्या कशासाठी?

"बरोबर आहे," ते म्हणाले.

माझी परीक्षा झाली नाही. वडिलांवरचा राग पुढं निवला. शाळेचं तोंड न पाहिलेला तो माणूस, त्यानं मला बी.ए.पर्यंत आणलं हेच खूप. सरांवरचा राग मात्र गेला नाही. त्यांना सगळं कळत होतं.

ते वारले तेव्हा साताऱ्यात त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा घेतली. मी मागं बसले होते. एक वकील गहिवरून म्हणाले, "चूक कबूल करायला सर कधी लाजले नाहीत." खरं आहे. माझ्यादेखतच कबूल केली होती. फळ्यावर असती तर त्यांनी ती पुसून खरं काय ते लिहिलंही असतं. आमच्या घरातून मात्र ते टोपी घालून नुसते निघून गेले.