हत्ती हाकलायला आलेलं गाव

अन्याय झाला तो माझ्यावर आणि माझ्या बँडमधल्या तिघांवर, गेल्या आषाढी पौर्णिमेला, संध्याकाळची वंदना सुटता सुटता. माजरीत आमच्या विहारामागच्या खोलीत आम्ही हेवी मेटलचा सराव करायचो. समितीच्या अध्यक्षभाऊंनी सगळ्यांदेखत तिला कुलूप लावलं. "वर्षावास लागला, पावसाळ्याचे तीन महिने भन्ते इथी राह्यतीन, त्याइले शांती पायजे. पोरीच्या जातीनं पाय फाकवून ड्रम बडवाचे, शोभते का?" मी तिथल्या तिथे विचारलं, "भाऊ, जयंतीच्या डीजेनं भिंती हालतात, तवा शांती कुठी जाते?" भाऊंनी किल्ली खिशात टाकली. भन्ते अजून आलेही नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मिरवणुकीत ढोल वाजवता वाजवता मी ड्रमवर आले, पुढे नागपूरच्या स्टेजवर बसले. आता चंद्रपूरचा मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि सरावाला जागा नव्हती. घरी वाजवलं की शेजारी दार ठोकायचे. सराव तुटला की पेडलवरच्या पायांचा वेग जातो, आणि वेग गेला की मेटलचा ड्रमर संपला. मी वंदनेला जाणं सोडलं. आई एकटीच जायची. मी उशीवर काड्या आपटत बसायचे.

आमचा गिटारवाला प्रणय म्हणाला, "माह्या मामाच्या गावाले चाल. जंगल आहे, ओरडाले कोणी नाई." मामांच्या पिकअपमध्ये ड्रम लादून धानोऱ्याच्या पुढे गेलो. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. मामांनी आम्हाला गावाबाहेर मोहाखाली उतरवलं आणि ते शेतावर निघून गेले. गावात सांगायचं राहूनच गेलं. वाजवायला बसताना सवयीनं तोंडात त्रिशरण आलं : बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. बुद्ध कुणाचं गाऱ्हाणं ऐकत बसत नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. तरी मी मांडलंच. शरण शरण म्हणते ना मी, मग मला बसायला एवढीशी जागा नाही? आणि रागानं बडवायला लागले.

थोड्या वेळानं रानातूनच आवाज यायला लागला. डबे, थाळ्या, ढोल. झाडांतून अख्खं गाव धावत येत होतं. मला वाटलं, झालं, इथूनही हाकलतात. मी थांबले. सगळ्यांत पुढे एक आजी, हातात तेलाचा रिकामा पिपा.

"हत्ती कुठी आहे?"

"कोणता हत्ती, आजी?"

"मंग एवढी बडवून काऊन राह्यली?"

त्या भागात रानहत्ती धानात शिरतात. असा बेफाम ढोल ऐकला की हाती येईल ते वाजवत मदतीला धावायचं, ही तिथली रीत. मी चाचरत म्हटलं, "हत्ती नाई, आजी. सराव करून राह्यलो." आजीनं पिपा खाली ठेवला. मग तिलाच हसू फुटलं. "माय वो! हे आयकून तर हत्ती छत्तीसगडात पोचला असन!" सगळं रान हसलं. "थांबली काऊन मंग? बडव!" आणि तिनं पिपा वाजवायला घेतला. ढोलवाले मिसळले. माझे पाय आपोआप पळत होते. मी काही मागत नव्हते, कुणाला काही दाखवून देत नव्हते. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गावानं तिथंच बसून ठरवलं : धान कापून होईस्तोवर गावाचं समाजमंदिर आमचं. "तुमी वाजवा, आमचं धान वाचते," म्हणाले. चंद्रपूरचा कार्यक्रम दणक्यात झाला.

याला कृपा म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालत नाही. संघाला शरण असं मी लहानपणापासून म्हणत आले. पण संघ म्हणजे काय, ते मला हत्ती नसतानाही धावून आलेल्या त्या माणसांनी दाखवलं. तेव्हापासून शरण म्हणताना माझा राग मध्ये येत नाही. मी पुन्हा वंदनेला जाते, आईच्या शेजारी बसते.

विहाराची खोली अजून बंद आहे. तुमच्याही गावात अशी एखादी असेल. सभा घेऊ नका, ठराव करू नका. येत्या रविवारी ती उघडा, पोरींना आत बोलवा आणि त्या वाजवतील ते शेवटपर्यंत बसून ऐका.