कोणतं पित्त?

मी काही लिहिणारा नाही. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला असलो तरी पुस्तकातलं निम्मं मला दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही. तेव्हा हिस्टामीनसारख्या विषयावर मी लिहावं हा आगाऊपणाच आहे. जाणकारांनी राग मानू नये. पण त्या दिवशी एका शब्दामुळे जे झालं ते मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणार नाही.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. आई द्राक्षबागेत मजुरांच्या टोळीत जाते, वडील त्याच बागेवर ट्रॅक्टर चालवतात. मी शहरात कॉलेजला लागल्यापासून टोळीतल्या बायका मला ‘गोळीवाले डॉक्टर’ म्हणतात. कोणाचं डोकं दुखलं, कोणाला जुलाब झाले, की वडील मला फोन लावतात आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना एक डबा भरून दिला होता. प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: तापाची, जुलाबाची, पित्ताची. तो डबा ते ट्रॅक्टरवरच ठेवायचे.

त्या दिवशी सव्वाअकराला, तास सुरू व्हायच्या आधी, त्यांचा फोन आला. मागे फवारणीचं मशीन चालू होतं.

“अरे, तुझ्या आईला पित्त...” पुढचं मशीनच्या आवाजात गेलं.

“सकाळी उपाशी गेली असेल, अण्णा. डब्यातली पित्ताची गोळी द्या.”

“दवाखान्यात न्यायला नको ना?”

“नको हो. अर्धा तास थांबा, बरं वाटेल.”

मागून एक बाई “उठ, उठ” असं काहीतरी ओरडत होती. कोणाला तरी कामाला उठवत असेल, असं वाटलं. फोन ठेवला, पाणी प्यायलो, वर्गात जाऊन बसलो.

मॅडमनी त्या दिवशी हिस्टामीनच काढलं होतं, म्हणजे अंगातच तयार होणारं आणि ॲलर्जीत एकदम सुटणारं रसायन. “एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा कोणी कोणी धरलीय?” त्यांनी विचारलं. सगळ्यांचे हात वर. “अँटीहिस्टामीन म्हणजे तो रुमाल. ते हिस्टामीनला अंगातून हाकलत नाही. त्याची बसायची जागा, म्हणजे रिसेप्टर, तेवढी अडवून ठेवतं.”

“मॅडम, लोक रुमाल उचलून फेकतात आणि बसतात!” मागच्या बाकावरून एकजण म्हणाला.

“फेकतातच. म्हणून गर्दी फार झाली तर रुमाल पुरत नाही. आणि आधी बसलेल्यांनी जो गोंधळ घातलाय, तो रुमालानं आवरत नाही.”

मग त्यांनी फळ्यावर दोन नावं लिहिली, एच-वन आणि एच-टू. एच-वन कातडीत, रक्तवाहिन्यांत, श्वासनळीत. तिथे हिस्टामीन बसलं की खाज, सूज, अंगावर लाल फुगवट्यांच्या गांधी. एच-टू मुख्यतः जठरात. तिथे बसलं की आम्ल वाढतं. सेट्रिझिन एच-वन अडवतं, फॅमोटिडीन एच-टू. “गाड्या वेगळ्या आहेत. एका गाडीत टाकलेला रुमाल दुसऱ्या गाडीत जागा धरत नाही. बरं, अंगावर गांधी उठल्या की घरी काय म्हणता?”

“पित्त उठलं!”

“आणि छातीत जळजळलं की?”

“पित्त झालं!”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. माझं पेन मात्र ‘एच-टू’वरच थांबलं. डब्यात ‘पित्ताची’ म्हणून मी फॅमोटिडीन ठेवली होती. आणि मघाची ती बाई ‘उठ’ म्हणत नव्हती. ती ‘ओठ’ म्हणत होती. आईचे ओठ.

म्हणजे मला तसं वाटलं. तेव्हा खात्री नव्हती.

मी उठून सरळ मॅडमजवळ गेलो. फोनवरचं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “श्वास लागत होता का? आवाज बदलला होता?”

“माहीत नाही. मी विचारलंच नाही.”

“ओठ, जीभ सुजली असेल तर एच-वनची गोळीसुद्धा पुरणार नाही. ॲड्रेनलीनचं इंजेक्शन लागतं, आणि लगेच. किती वेळ झाला?”

“पन्नास मिनिटं.”

त्यांनी खडू खाली ठेवला. “फोन लाव. आणि नीघ.”

वडिलांचा फोन बंद. आईचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. गंगापूर रोडवरून रिक्षा केली, दिंडोरी नाक्यावर एस.टी. मिळाली. उभाच होतो. न शिकलेल्या माणसाला कदाचित एवढी भीती वाटली नसती. मला तर पायरी पायरी माहीत होती: रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी पाझरतं, घसा आतून सुजतो, श्वासाची वाट बारीक होत जाते. आणि त्याहून जास्त माहीत होते माझे वडील. ते माझा शब्द मोडत नाहीत. मी अर्धा तास सांगितला होता. ते घड्याळाकडे बघत तो अर्धा तास बसले असणार. वाटेत प्रत्येक थांब्याला गाडी थांबत होती. एक म्हातारे बाबा पिशवी घेऊन सावकाश उतरले, तर मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आईचा फोन सतरा वेळा लावला.

दिंडोरी जवळ आली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. आईच्या टोळीतल्या मावशी होत्या.

“काय रे गोळीवाल्या डॉक्टर! कुठं हाय तू?”

“मावशी, आई...”

“ऐक आधी. गांधीलमाशा चावल्या तिला, तीन. अंगभर पित्त उठलं, ओठ ह्येऽ एवढाले झाले. मी घसा फोडून ओरडत होते, ओठ बघा ओठ बघा. आन् तुझा बाप गोळी देऊन घड्याळ बघत बसला. पोरगा म्हणला अर्धा तास, पोरगा म्हणला अर्धा तास!”

“मावशी, आई कशी आहे?”

“आवाज घोगरा व्हाया लागला तवा मी म्हणलं, चुलीत घाल तुझा अर्धा तास, आन् मालकाच्या पिकअपमधी घातलं तिला. दवाखान्यात दोन इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणले, लय उशीर करत होता तुम्ही.” त्यांचाही श्वास लागला होता. “सूज उतरली आता. आज हितंच ठेवणार हायेत तिला. मघाशी बोलली. पयलं काय बोलली म्हाईत हाय? पोराला सांगू नका, त्याची परीक्षा हाय. मी म्हणलं, सांगणार. त्याला कळाया पायजे.”