झिजलेली नळी

पॉइंट टू-टूची ती रायफल मी हातात घेतली आणि माझा जीव तिच्यात अडकला. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ती विकत होते. ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालून मी परवाना मिळवला होता, पण बंदूक पारखण्याची अक्कल माझ्यात नव्हती. म्हणून आमच्या कुडाळच्या नेमबाजी क्लबातल्या दादाला सोबत नेलं. मला नेम धरायला त्यानेच शिकवलं होतं.

दादाने नळीत उजेड धरून बराच वेळ पाहिलं. मग मालकासमक्ष क्लबात पाच गोळ्या झाडल्या. त्या कागदभर विखुरल्या.

"नळी आतून झिजलेली आसा," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "घेव नको. मगे पस्तावशीत."

मी त्याच दिवशी मालकांना नकार कळवला.

चार महिन्यांनी कोल्हापूरच्या स्पर्धेत दादाच्या हातात तीच रायफल होती. दस्त्यावरचा लांब ओरखडा मी लगेच ओळखला.

"ही झिजलेली होती ना?" मी विचारलं.

तो ओशाळलासुद्धा नाही. "माका मोह आवरलो नाय रे," म्हणाला. "बघतंस मारून?"

मी पाच गोळ्या मारल्या. पाचही छिद्रं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. म्हणजे त्या दिवशी दादाने माझ्यादेखत मुद्दाम नेम चुकवला होता. मी रायफल खाली ठेवली.

आता माझ्याकडे दुसरी रायफल आहे. दादा अजूनही क्लबात माझ्या मागे येऊन उभा राहतो, श्वास कधी रोखायचा ते सांगतो. त्याचं ऐकलं की गोळी बरोबर मध्यावर लागते, आणि तेच मला सहन होत नाही.