दोनशे नव्वदांत एक

वजनकाटे दुरुस्त करता करता त्याचं आयुष्य गेलं आणि माणसांवरचा विश्वासही गेला. गल्लीत सगळे त्याला काटेकाका म्हणत. कुणाच्या काट्याखाली चिकटवलेलं शिसं, कुणाची मुद्दाम ताणलेली स्प्रिंग, चाळीस वर्षं हेच बघितल्यावर दुसरं काय होणार? औषधवाल्याने दिलेल्या गोळ्या तो मोजून घ्यायचा आणि घरी येऊन पुन्हा मोजायचा. जावई म्हणायचा, "बाबांसमोर आरसा धरलात, तर आधी त्याची मागची बाजू तपासतील."

लेकीचा तिसरा महिना सरत आला तेव्हा दवाखान्यात तपासणी झाली. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजली, तिचं रक्त घेतलं, वय, वजन, आठवडे असं सगळं संगणकात घातलं आणि चार दिवसांनी कागद हातात आला. बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता दोनशे नव्वदांत एक. आकडा अडीचशेच्या आत असता, तर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायचा विचार करावा लागला असता, आणि त्या सुईने क्वचित गर्भ पडतोही. "तुम्ही रेषेच्या बऱ्या बाजूला आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेले होते. लेक तिथेच खुर्चीत बसून रडली.

काटेकाकाने घरी येऊन कागद खिडकीपाशी धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "रक्ताच्या बाटल्या अदलाबदल झाल्या असतील."

"बाबा, आजचा दिवस तरी राहू द्या," लेक म्हणाली.

त्याने राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पितळी वजनं घालून स्वारी दवाखान्यात हजर. त्याने वजनं एकेक करून दवाखान्याच्या काट्यावर ठेवली, वाकून आकडा वाचला, पुन्हा ठेवली. नर्स कपाळाला हात लावून बघत राहिली. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. एरवी असा काटा भेटला की तो खूश व्हायचा, पण आज त्याचा चेहरा उतरला.

"आत काय टाइप केलंत ते दाखवा," तो म्हणाला.

नर्सने संगणक त्याच्याकडे वळवला. "हे बघा काका. वजन बरोबर, आठवडे बरोबर. वय तेहतीस, ओळखपत्रावरून घेतलंय."

खरं सांगायचं तर तो या ओळीसाठीच आला होता, आणि ती ओळ टाळण्यासाठीच त्याने पिशवीभर पितळ वाहून आणलं होतं. बायको गेली तेव्हा लेक तीन वर्षांची. पोरीला घेऊन तो काट्यांच्या कामासाठी गावोगाव फिरला. एका जागी टिकला तोवर पोर सात वर्षांची झाली होती आणि तिथल्या शाळेत पहिलीला पाचच्या वरचं मूल घेत नव्हते. पोर अंगाने बारकी. त्याने अर्जावर दोन वर्षं कमी लिहिली आणि तिलाही तेच सांगितलं. वाढदिवस वगैरे प्रकार घरात नव्हताच. पुढे शाळेच्या दाखल्यावरून ओळखपत्र निघालं, लग्न ठरलं, नोकरी लागली. कुणाचं काही अडलं नाही.

"इथे पस्तीस घातलं तर?" त्याने विचारलं.

नर्सने नुसतं बघायचं म्हणून आकडा बदलला. पडद्यावर उमटलं, एकशे ऐंशीत एक.

"कुणाचं वय पस्तीस आहे, काका?"

"कुणाचं नाही," तो म्हणाला आणि वजनं भरू लागला. दारापर्यंत गेला, पिशवी खाली ठेवली आणि तिथूनच लेकीला फोन लावला. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि गप्प राहिलो तर काय होईल याची भीती त्याहून मोठी होती.

तासाभरात लेक आली. बाकावर त्याच्या शेजारी बसून तिने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काल कागद वाचला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही बाटल्यांना दोष देत होतात."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. नवा आकडा, पुढची तपासणी, सुईचा धोका, सगळं शांतपणे समजावलं. सुई घ्यायची की नाही, हे नवऱ्याशी बोलून उद्या सांगते, असं लेक म्हणाली. मग नर्सने नवा फॉर्म घेतला. जन्मतारीख काटेकाकाने सांगितली.

"आई कशाने गेल्या?" नर्सने विचारलं.

"तापाने," तो म्हणाला. हे अगदी खरं होतं.

"घराण्यात कुणाला जन्मापासूनचा काही आजार?"

"नाही. कुणालाही नाही." हेही खरं होतं.

नर्स लिहू लागली, तशी लेकीने फॉर्मवर हात ठेवला.

"लिहू नका," ती म्हणाली. "मला मावशी आहे. तिला विचारून सांगते."