पारूताईचा अंधार

पारूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात मुलांच्या वह्या तपासत होतो. तिची सून सुनंदा बोलत होती. "मामा, आत्याबाई तीनला खोलीत बसल्या, त्या सहाला बाहेर आल्याच न्हाई. दार उघडलं तर बसलेल्याच हुत्या... डोळं उघडं." डोळे उघडे होते, हे ती दोनदा म्हणाली. महिना होऊन गेला, पण ते वाक्य अजून कानातून जात नाही.

पारूताई माझी चुलत बहीण, चार वर्षांनी मोठी. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिच्या आईबापांचं लग्न आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आते-मामे भावंडांतलं. दिवस मावळला की पारूताईला काही दिसायचं नाही. पोरं तिला कोंबडी म्हणायची, आणि त्यांत मीही होतो. एकदा भाताच्या कणग्यांच्या खोलीत ती दुपारभर चुकून कोंडली गेली. अंधार पडल्यावर कुणीतरी कडी काढली, तर ही बाहेर आली आणि अंगणात पडलेली सुई उचलून तिने आईच्या हातात दिली. घरातले हबकले. खोलीतल्या कुणीतरी पोरीला डोळे दिले, असं ठरलं आणि उंबऱ्यावर नारळ फुटला. पारूताई मात्र तेव्हापासून रोज तीन वाजता त्या खोलीत जाऊन बसू लागली.

लग्न गावातच झालं. सासरीही तिने एक खोली अंधारी करून घेतली. पुढे ती सुईण झाली, आणि दवाखान्याची गाडी पोहोचायच्या आत होणारी बाळंतपणं तिच्याच हातची. दिवेलागणीला बोलावणं आलं तर कुणी बॅटरी लावायची नाही, हा तिचा दंडक. ती पुढे, बाकीचे मुकाट मागे. वाटेत ती मधेच बाजूला व्हायची, कुणाला तरी वाट द्यायची... आणि समोर कुणीच नसायचं. नवखा माणूस दुसऱ्यांदा तिच्याबरोबर यायला धजत नसे.

मी तिला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिच्या डोळ्याचा मागचा पडदा सोनेरी चमकत होता. तीन तास डोळे बांधून बसवलं आणि पुन्हा पाहिलं, तर सोनं नाहीसं झालेलं. आजार फार दुर्मीळ निघाला. उजेड डोळ्यातल्या पेशीला जागं करतो. मग अरेस्टिन नावाचं प्रथिन उजेड टिपणाऱ्या रेणूला जाऊन चिकटतं आणि आता पुरे म्हणून त्याला थांबवतं. ताईचं अरेस्टिन जन्मापासून बिघडलेलं होतं. उजेड गेल्यावरही तिच्या पेशी तासन्‌तास त्याच भरात राहायच्या. तीन तास अंधारात बसलं की त्या निवायच्या आणि तिला रात्रीचं दिसायचं, पण मधे उजेड पडला की सगळं पहिल्यापासून. वर्गात शिकवतो तसं मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, "म्हंजी दिवा इझला तरी माझ्या डोळ्यात त्यो जळतच ऱ्हातो?"

"तसंच म्हण."

"मग बरोबर हाय. गेलेलं लगेच जात न्हाई, हे मला ठावं हाय."

मी तेव्हा हसलो होतो. शेवटची काही वर्षं तिचं हृदय थकलं होतं. याच घराण्यातली प्रथिनं हृदयातही असतात. शरीराने सारखा तगादा लावला की ती पेशींचे कान बंद करायला हातभार लावतात, आणि हृदय हाकेला ओ देईनासं होतं. हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने करू नये ती चूक मी केली. दिवाळीच्या सुट्टीत एकदा वरच्या वाडीहून बोलावणं आलं आणि मी तिच्यासोबत निघालो. आमच्याकडे वडीलधारं माणूस अंधारात निघालं की त्याच्या पायांपुढे उजेड धरायचा, ही लहानपणापासून हाताला लागलेली सवय. ओढ्याच्या उतारावर मी मोबाईलची बॅटरी लावली, आणि नेमकी ती मागे वळली. उजेड थेट तिच्या डोळ्यांत गेला. ती जागच्या जागी थांबली.

"दिगू, काय केलंस रे."

आवाज चढला नव्हता. मग मी तिचा हात धरून पुढे झालो, आणि शहरात राहिलेला मी दोनदा वाट चुकलो. पोहोचलो तेव्हा पोर रडत होतं, बाळंतीण गेलेली होती. ताईने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा गावी गेलो. खोलीत, ती बसायची तिथे, रीतीप्रमाणे दिवा तेवत होता आणि गेलेल्याची पावलं उमटतात म्हणून भोवती जमिनीवर पीठ पसरलेलं होतं. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. ज्या खोलीत तिने कधी काडी ओढू दिली नाही, तिथेच हा दिवा. सुनंदाला म्हणालो, "इथेच ठेवायला हवा होता का?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "पयले दोन दिवस ठिवला. मामा, पिठावरली पावलं भिताडाकडं गेल्ती... मग पार कोपऱ्यात. दाराकडं एक बी न्हाई. तवापास्नं तीनला आमी इझवतो, सहाला परत लावतो. लोकं बोलत्यात, बोलू द्या."

पुढे काय उमटलं, ते मी विचारलं नाही. तीन वाजायला आले होते. सुनंदा उठायच्या आत मी आत गेलो, चिमटीने वात विझवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. खालच्या फटीतून उजेड जात होता, तिथे खांद्यावरचा पंचा नीट दाबून बसवला.