चार नंबर, पाचवा फाऊल आणि भामरागडचा रस्ता

सोमवारी सकाळी पुस्तकाची फाइल चंद्रपूरच्या छापखान्यात पाठवायची होती, आणि त्याआधीच्या बुधवारी दुपारी मला रामटेकेंच्या मुलीचा फोन आला.

पुस्तक म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास. भद्रावतीजवळच्या आमच्या कॉलनीत कोळशाची वाहतूक करणाऱ्या एका शेठजींनी पगारी खेळाडूंचा संघ उभा केला होता, त्याचं नाव 'कॉलनी फाइव्ह'. खेळायचे पैसे मिळतात हे आम्ही तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मी सातवीत असताना संघ अंतिम सामना एका गुणानं हरला, शेठजींनी हात काढून घेतला आणि सगळं संपलं. मी या संघाची वेडी चाहती होते, आहे. दोन वर्षं कात्रणं आणि फोटो जमवून जे लिहिलं, त्यातलं शेवटचं प्रकरण हौसेनं आधीच या ब्लॉगवर टाकलं होतं. मथळा होता 'कॅप्टन पळाला'.

कॅप्टन म्हणजे चार नंबरचा सुधाकर रामटेके. शेवटची तीन मिनिटं राहिलेली असताना त्यांनी पाचवा फाऊल केला. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. हरण्याचा डाग नको म्हणून त्यांनी मुद्दाम फाऊल करून अंग काढून घेतलं, असं कॉलनी तेव्हापासून म्हणत आली आणि मीही तेच लिहिलं.

"ताई, बाबा बल्लारपूरले रोज सकाळी पोरींना बास्केटबॉल शिकवत होते," त्यांची मुलगी सांगत होती. "तुमचं वाचून चार जणींच्या आईबापांनी पोरी बंद केल्या. पळपुटा माणूस काय शिकवन म्हणते. आता बाबाच जात नाईत ग्राउंडवर. घरीच बसून राहतात. मडावी सरांजवळ त्या मॅचची शीट हाय, पण बाबा मले त्यांच्याकडं जाऊ देत नाईत."

मडावी सर त्या सामन्याचे स्कोअरर. तेव्हा आमच्या शाळेत नवीन शिक्षक होते, आता निवृत्त होऊन भामरागडच्या अलीकडं आपल्या गावी राहतात. पावसाळ्यात तिथं फोन लागला तर नशीब. पुस्तक एकदा छापून वाटलं गेलं की रामटेकेंचं उरलेलं आयुष्य माझ्या त्या मथळ्याखाली जाणार होतं. मी गुरुवारी सकाळी नागपूरहून निघाले.

नागपूर-चंद्रपूर एसटी भरपूर आहेत, आणि बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं या संपूर्ण प्रवासात मला बसचा खर्च फारसा जाणवला नाही. वाटेत भद्रावतीला उतरून कॉलनीत डोकावले. कोर्टवर आता पत्र्याची शेड टाकून सायकली ठेवतात. एक पोल अजून उभा आहे, रिंग नाही. फोटो काढला आणि उगाच चिडचिड करत पुढची बस धरली.

मुक्काम चंद्रपूरला, विजूदादाकडं. विजूदादा माझा मोठा भाऊ आणि संघाचा चौदा नंबर. आमच्या घरातला हीरो. पुस्तकातली निम्मी माहिती त्याचीच, शेवटच्या प्रकरणातली तर सगळीच. जेवताना मी भामरागडला निघालेय म्हटल्यावर त्यानं घास खाली ठेवला.

"काऊन जातेस? नाल्याले पूर आला तं आठ-आठ दिवस अडकशीन."

"शीट बघायची आहे."

"शीटमध्ये काय राहते? आकडे राहतात. मी होतो ना कोर्टवर."

त्याला माझी काळजी वाटते, असंच मी समजले. वहिनीनं डब्यात तिळाची चटणी आणि पोळ्या दिल्या. सकाळी तो मला स्टँडवर सोडायला आला नाही, हे मात्र खटकलं.

शुक्रवारी चंद्रपूर ते आलापल्ली. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता. आष्टीला वैनगंगेचं पाणी पुलाच्या बरंच जवळ आलं होतं आणि कंडक्टर दर थांब्यावर फोन करून पुढची विचारपूस करत होता. आष्टीच्या पुढं जंगल सुरू होतं आणि खड्डेही. पाठीचा त्रास असेल तर मागच्या सीटवर बसू नका. आलापल्लीत साधं लॉज सहाशे रुपयांत मिळालं, पंखा चालू, नळाला पाणी लाल. लॉजवाल्यानं दोन बातम्या दिल्या. भामरागडची एसटी काल अर्ध्या वाटेवरून परत आली होती. आणि उद्या जीप जातील, पण जाणं आपल्या जबाबदारीवर.

शनिवारी सकाळी सातला लालसूच्या जीपमध्ये दीडशे रुपये देऊन बसले. लालसू पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. निघण्याआधीच त्यानं मला बजावलं.

"ताई, दोन वाजेपर्यंत रस्त्यावर येजा. मी भामरागडहून परत येतो तवा थांबीन, पाच मिनिटं. मंग निंगतो. माह्याजवळ दुसरे पॅसेंजर राहतात."

मध्ये पोलिसांच्या चौकीत नाव, गाव, कशासाठी, सगळं लिहून दिलं. 'बास्केटबॉलच्या कामासाठी' असं मी लिहिलं तेव्हा शिपायानं दोनदा वाचलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा साग भिजून काळा पडला होता. एरवी मी अशा रस्त्यावर फोटो काढून जीव नकोसा करते, त्या दिवशी फोन पिशवीतून बाहेर काढला नाही. ताडगावच्या पुढं एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे कठडा नसलेला बुटका पूल. पाणी त्याच्या बरोबरीला लागलं होतं. लालसूनं जीप थांबवून पाण्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं, आणि रपटा पार केला. तिथंच उतरून मागं फिरावं असं खरंच वाटलं.

मडावी सरांचं घर रस्त्यापासून दहा मिनिटं चिखलातून आत. सर अंगणात बांबूची टोपली दुरुस्त करत बसले होते. केस पांढरे, पण आवाज तोच शाळेतला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी टोपली बाजूला ठेवली.

"विजयची बहीण तू," ते म्हणाले. "त्यानंच पाठवलं का?"

"नाही सर. तो नको म्हणत होता."

ते आत गेले आणि युरियाच्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला कागद घेऊन आले. स्कोअरशीटची कार्बन कॉपी. निळी अक्षरं फिकट झाली होती तरी वाचता येत होती. चार नंबरच्या रांगेत पाच फाऊल, चौदाच्या रांगेत चार. म्हणजे मी लिहिलं ते खरंच होतं आणि एवढा जीव मुठीत धरून आले ते फुकट. मग सरांनी चारच्या पाचव्या फाऊलवर बोट ठेवलं. त्याच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, '१४'.

जे कधी बास्केटबॉल खेळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा खेळाडूंचे नंबर चार ते पंधरा असायचे आणि पंच फाऊल कुणाचा ते बोटांनी दाखवायचे. चार म्हणजे एका हाताची चार बोटं. चौदा म्हणजे एका हाताची मूठ आणि दुसऱ्याची चार बोटं. शिवाय ज्याचा फाऊल, त्यानं स्वतः हात वर करायचा, असा तेव्हा रिवाज होता.

"माही पहिलीच मोठी मॅच," सर म्हणाले. "गर्दी टेबलावर चढून राह्यली होती. पंचाची मूठ मले दिसलीच नाई. चार बोटं दिसली, अन् रामटेकेचा हात वर दिसला. मी चार लिवला. बाहेर जायचा झेंडा वर केला. मॅच झाल्यावर पंच सही कराले आला तं म्हणे, मास्तर, मी चौदा दाखवला होता, पण रामटेके सोताच बाहेर निंगाला म्हणून गर्दीत थांबवलं नाई. मी म्हटलं दुरुस्त करू? तो म्हणे, आता निकाल लागला, लोकं मारतील आपल्याले. सही केली अन् गेला. माह्या कॉपीवर तो चौदा मीच पेन्सिलीनं लिवला."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"रामटेकेच्या घरी गेलो दुसऱ्या दिवशी. पाय धरले त्याचे. तो म्हणे, सर, तुमची काई चूक नाई, हात मी वर केला. अन् कोणाले सांगू नका म्हणून शपथ घातली. दोघांचेबी चार-चार फाऊल झाले होते व बाई. एक जण जाणारच होता. जायचा होता तुहा भाऊ."

मी अंगणातच बसले. सरांच्या बाईंनी भात आणि वास्ते वाढले. बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, एरवी मी मागून खाल्ली असती. मी ती नुसती भातात कालवत राहिले. दादा कोर्टवर होता. पंच समोर मूठ धरून उभा होता. त्याला दिसलं नसेल असं मी स्वतःला पटवू पाहत होते आणि ते काही पटेना.

"घेऊन जाय," सर शीट पुन्हा गुंडाळत म्हणाले. "मी शपथ पाळली. तू कुठी घेतली शपथ?"

दोनला दहा कमी असताना पावसाची जोरदार सर आली. मी कागद पोटाशी धरून चिखलातून अक्षरशः धावले. लालसूची जीप उभी होती. त्यानं दार उघडलं. पण रपट्याजवळ पोचलो तर रपटाच दिसेना, वरून गढूळ पाणी वाहत होतं. त्यानं गाडी बंद केली, खाली उतरून पाण्याच्या काठाशी एक काडी रोवली आणि दगडावर जाऊन बसला.

"काडीपासून पाणी मागं सरकलं तं चढते नाई, उतरते. तवा पाहू. नाई तं आज इथीच."

जीपमध्ये आठ माणसं. कुणी कुरकुर केली नाही. नेटवर्क नाही, मागं-पुढं गाडी नाही, आणि परवा सकाळी छापखाना. पाणी काडीच्या पार दोन बोटं वर गेलं, तिथंच थांबलं. अडीच तासांनी काडी कोरडी झाली आणि त्यानंतरही लालसूनं अर्धा तास कुणाचं ऐकलं नाही. पावसाळ्यात इकडं यायचा विचार असेल तर अशा माणसाची गाडी शोधा. घाई करणाऱ्याच्या गाडीत बसू नका, पाणी असलेल्या रपट्यावर स्वतःची गाडी तर घालूच नका.

रविवारी आलापल्लीहून पहिल्या बसनं बल्लारपूर. वाटेत दादाचे चार फोन आले, मी एकही घेतला नाही. रामटेके काका दारात खुर्ची टाकून बसले होते. खांदे अजून तसेच रुंद. त्यांच्या मुलीनं चहा दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी शीट त्यांच्या हातात दिली. बराच वेळ ते पाहत राहिले.

"मडावी सरानं जपून ठेवली होय."

"काका, मी वाईट लिहिलं तुमच्याबद्दल. न विचारता लिहिलं. माफ करा."

"तुले जे सांगितलं ते तू लिवलं."

"पण हात का वर केलात?"

त्यांनी शीटची घडी घातली. "तुह्या बापाले जाऊन दोन महिने झाले होते. शेठनं विजूले सांगितलं होतं, फायनल चांगली खेळला तं हापिसात पर्मनंट करतो. मी तं पर्मनंट होतोच. अन् नेमही त्याचा माह्यापेक्षा चांगला होता. वाटलं, जिंकवन. शेवटचा बॉल रिंगवरून बाहेर गेला, त्याले कोण काय करन?"

संघ बुडाला तरी शेठजींनी दादाला ऑफिसात घेतलं होतं. त्या पगारावर माझी शाळा झाली, कॉलेज झालं. ज्या हातानं मी तो मथळा टाइप केला, त्या हाताच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च या माणसाच्या बाहेर जाण्यातून निघाला होता. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

"दादाला माहीत होतं?"

"बाजूलेच उभा होता," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मथळा काहाड. बाकी त्याचं नाव नको घालू. त्याची पोरगी लग्नाची हाय."

"अन् तुमच्या पोरी?" त्यांची मुलगी पहिल्यांदाच बोलली. "ग्राउंडवरच्या?"

काकांनी शीट खिशात ठेवली. निघताना त्यांनी शीट मला परत दिली नाही आणि मी मागितली नाही. आलापल्लीच्या लॉजवर तिचा फोटो काढून ठेवला होता.

दुपारची गाडी धरून संध्याकाळी नागपूरला घरी आले. चार दिवसांचा खर्च तीन हजारांच्या आतच बसला, चपला मात्र गेल्या. एकट्या बाईनं जावं का, असं विचारणाऱ्यांना सांगते, जावं. मला भीती वाटली ती पाण्याची आणि माझ्याच लिखाणाची, माणसांची नाही. ब्लॉगवरचा जुना मथळा काढून टाकलाय आणि तिथं माझी माफी ठेवली आहे.

मग प्रकरण नव्यानं लिहिलं. काकांचा शब्द राखायचा म्हणून लिहिलं, 'फाऊल संघातल्या एका तरुण खेळाडूचा होता, कॅप्टननं तो स्वतःवर घेतला.' दादाला फोन लावला. कुठं गेली होतीस, फोन का घेतला नाहीस, असं काही तो विचारणार तेवढ्यात म्हटलं, "ऐक फक्त." आणि पान वाचून दाखवलं, सावकाश, शेवटपर्यंत. त्याच्याकडं टीव्ही चालू होता. मधेच कधीतरी तो बंद झाला.

वाचून झालं.

"रामटेके भाऊंनी नाव घालू नको म्हटलं असन," तो म्हणाला.

"हो."

"म्हणनच." मग म्हणाला, "एक तरुण खेळाडू काऊन लिवतेस? नाव लिहिजो माहं. पुरं लिहिजो, बाबाच्या नावासकट."

मी लिहिलं. विजय केशव ठेंगरे, चौदा नंबर. आणि सोमवारी सकाळी फाइल पाठवली.